वाचकांचे प्रश्न : अडलेला शब्द आणि पुढचं पान

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नागपुरात मानेवाड्याला राहते. शाळा सीबीएसईची, त्यामुळे माझी मराठी म्हणजे घरी बोलतो तीच, 'काय करून राहिली' वाली. या सुट्टीत हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' वाचायला घेतली. नायिका यमूचं बोलणं मनापासून आवडतं आहे. पण पानावर आठ-दहा शब्द तरी अडतात. दर वेळी मोबाइलवर अर्थ शोधते आणि तोवर वाक्य विसरून जाते. मैत्रीण म्हणते, शोधूच नको, संदर्भावरून आपोआप कळतं. मला अर्धं कळतं, अर्धं नाही. काय करू? आणि असे शब्द पुढे लक्षात राहतात का?

उत्तर : वाचायला बसताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव आणि हातात पेन्सिल घे. शब्द अडला की समासात एक बारीक टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. अर्थ लिहायचा नाही, प्रकरण संपेपर्यंत थांबायचं नाही. तुझी मैत्रीण चुकीचं सांगत नाही, पण तिचं सांगणं अपुरं आहे. काही शब्दांचा अर्थ संदर्भ पुरता हातात देतो, काहींचा अर्धामुर्धा. आणि थोडे शब्द असे असतात की तिथे नुसत्या संदर्भावर विसंबलं तर गोष्टच हातची जाते.

'अंमळ' हा शब्द तुला भेटला असेलच. त्या काळच्या गद्यात तो ज्या जागी येतो तशी तीन वाक्यं मी करून देते. 'अंमळ थांब, मी आलेच.' 'आज त्यांना अंमळ बरं वाटतंय.' 'अंमळशाने सासूबाई बाहेर आल्या.' पहिल्या वाक्यात 'अंमळ' म्हणजे 'इथे', 'दारात', 'जरा' यांपैकी काहीही असू शकतं. दुसऱ्या वाक्यात 'इथे' आणि 'दारात' बाद होतात. तिसऱ्यात तो वेळेलाही लागतो हे कळतं. उरतो एकच अर्थ : थोडं, जरा, आपल्याकडचं 'उलीसक'. शब्दकोश उघडावा लागला नाही, आणि तो शब्द कुठे शोभतो हेही तुला कळलं, जे कोशातल्या एका ओळीवरून कळलं नसतं. पहिल्या भेटीत थांबली असतीस तर हे घडलं नसतं. म्हणून पुढे जा म्हणते.

अंदाज करायला मराठी वाक्य स्वतःच मदत करतं, फक्त ती मदत घ्यायची सवय हवी. शब्दाला काय चिकटलं आहे आणि क्रियापद कोणतं आहे, ते आधी बघ. 'अंगात' असेल तर वरचा कपडा, 'पायात' असेल तर वहाणा किंवा पैंजण. डोक्याला 'बांधलं' किंवा 'गुंडाळलं' असेल तर मोकळं कापड, 'घातली' असेल तर तयार टोपी-पगडी. आपल्या नागपूरच्या वाचकाला हे विशेष उपयोगी पडतं. आपल्याकडे बंडी म्हणजे बैलगाडी. पुण्याकडच्या जुन्या पुस्तकात 'अंगात बंडी, डोक्याला मुंडासं' आलं की आपण क्षणभर बिचकतो. पण 'अंगात' या एका शब्दाने निकाल लागतो : बंडी म्हणजे बिनबाह्यांचा अंगरखा. तीच गोष्ट 'वावर'ची. आपलं वावर म्हणजे शेत, आणि 'तिचा माजघरात वावर असे' म्हणजे तिचं तिथे जाणंयेणं, वागणं. माजघरात शेत असणार नाही, एवढं वाक्य सांगतंच.

दुसरी मदत जोडशब्दांची. जुन्या मराठीला जोडीने बोलायची फार हौस आहे : बाजारहाट, चीजवस्तू, धनदौलत, मानमरातब, लाजशरम. जोडीतले दोन्ही शब्द बहुधा एकाच अर्थाचे किंवा शेजारच्या अर्थाचे असतात, त्यातला एक तुला येतोच. 'मानमरातब' दोनदा वाचलंस की पुढे नुसता 'मरातब' आला तर तो प्रतिष्ठेबद्दल, दर्जाबद्दल बोलतो आहे हे कळेल. मात्र काही जोड्यांत दुसरा शब्द केवळ नादाला असतो. 'आजारीपाजारी'तला 'पाजारी' शोधत बसू नकोस.

आता अर्ध्यामुर्ध्या शब्दांकडे येऊ. 'फडताळ' घे. 'तिने फडताळातून लोणच्याची बरणी काढली.' 'फडताळाचं दार किरकिरलं.' 'चिठ्ठी त्याने फडताळात खुपसली.' एवढ्यावरून तुला कळेल की ही दार असलेली, वस्तू ठेवायची जागा आहे. गोष्टीला तेवढं पुरतं. पण फडताळ बहुधा भिंतीतच बांधलेलं असायचं, जाड भिंतीच्या पोटात, वर फळ्या आणि पुढे लाकडी झडपा, हे कितीही वाक्यं वाचलीस तरी कळणार नाही, कारण लेखकाच्या वाचकांच्या घरीच फडताळ होतं आणि त्यांना कुणी ते समजावून सांगत नव्हतं. ओसरी, पडवी, देवडी, माळवद, बळद, परसू ही जुन्या घराच्या भागांची नावं सगळी अशीच. यांच्यासाठी टिंब पुरे, प्रकरण संपल्यावर बघायचं. आणि शक्य झालं तर कोशात नाही, माणसाला विचारायचं. आपल्या महाल भागात अजून काही जुने वाडे उभे आहेत आणि त्यांत लहानपण गेलेल्या आज्या घरोघर आहेत. माझ्या आजीच्या महालातल्या घरी फडताळ होतं. त्याच्या खालच्या कप्प्यात पापडाचे डबे, वरच्यात औषधाच्या मुळ्या आणि सहाण, आणि सगळ्यांत वर, मुलांचा हात पुरणार नाही तिथे, तिची पोथी. दार उघडलं की हिंग आणि जुन्या कागदाचा मिसळलेला वास यायचा. तुझ्या आजीला एकदा 'तुमच्याकडे फडताळ होतं का हो?' विचारून बघ. ती सांगेल ते कुठल्याच कोशात छापलेलं नाही.

जिथे संदर्भावर अजिबात विसंबू नये असं मला वाटतं, ते शब्द वेगळे आहेत. ते अवघड दिसत नाहीत, उलट ओळखीचे वाटतात. 'सोवळं' तुला माहीत आहे. पूजेला सोवळं नेसतात, सोवळ्यात स्वयंपाक करतात. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या घरात कुणी 'ती सोवळी झाली' म्हणालं की तुला वाटेल, बाई आंघोळ करून पूजेला बसली असेल. वाक्य व्याकरणाने ठीक लागतं, अर्थही बसतो, आणि तू पान उलटतेस. पण विधवा बाईबद्दल हे म्हटलं जातं तेव्हा अर्थ असा असतो की तिचं केशवपन झालं, डोक्यावरचे केस काढले आणि आता ते कायमचे काढत राहणार. वाक्यात न्हावी नसतो, वस्तरा नसतो, रडणं नसतं. 'आलवण'चं तेच. 'तिने आलवण नेसलं होतं' यावरून 'एखादं लुगडं असेल' इतका अंदाज कुणीही करेल. ते विधवेचं तांबडं लुगडं आहे आणि त्यावरून ती बाई लांबूनच ओळखू येत असे, हे समजलं नाही तर तिला दारात बघून समोरचा माणूस का थबकतो ते कळणारच नाही. 'बाहेर बसणं', 'न्हाण येणं', 'विटाळ' हे पाळीशी जोडलेले शब्दही याच रांगेतले.

तू गोष्टीत कुठवर आली आहेस ते माहीत नाही, म्हणून यमूचं पुढे काय होतं ते इथे लिहीत नाही. पण एवढं नक्की सांगते की या कादंबरीत असे शब्द अंदाजाने पार केलेस तर हरिभाऊंनी ती कशासाठी लिहिली तेच निसटेल. 'करमणूक' हे साप्ताहिक त्यांनी १८९० साली सुरू केलं, त्यातून ही गोष्ट क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तक झालं. वाचणाऱ्यांना 'सोवळी' म्हटलं की सगळं चित्र डोळ्यांपुढे उभं राहत होतं. घरात त्या गोष्टी उघड बोलायच्या नसत म्हणून असे झाकलेले शब्द रूढ झाले, आणि ज्याच्यावर पांघरूण घालायचं असतं त्याच्याभोवती लोक खुणा सोडत नाहीत. म्हणून तिथे संदर्भ गप्प असतो. ओळखायची एक रीत मी माझ्या विद्यार्थिनींना सांगत असे : वाक्यात दुःखाचं काहीच दिसत नाही, तरी ते ऐकून पात्रं गप्प झाली, कुणी मान खाली घातली, कुणी उठून आत गेलं, तर त्या वाक्यातला शब्द तिथल्या तिथे शोधायचा. प्रकरण संपायची वाट बघायची नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीतून आणावा लागला तरी आण.

ओळखीचा शब्द वाक्यात नीट बसेनासा झाला, तरीही थांबावं. 'मामा आजारी आत्याच्या समाचाराला आले' हे वाचून 'आजारी बाईला रागावायला आले?' असं वाटलं तर ते वाटणं योग्य आहे. आज आपण समाचार घेतो तो बहुधा रागावण्यासाठी. तेव्हा समाचार म्हणजे विचारपूस, आणि आपल्या खेड्यांतून अजूनही लोक आजाऱ्याच्या समाचाराला जातात.

कोश कोणता, तर तुझ्यासाठी दोन. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये आणि वाढवून १८५७ मध्ये निघाला. हरिभाऊंच्या मराठीच्या तो जवळचा, आणि अर्थ इंग्रजीत असल्याने तुझ्या शिक्षणाला सोयीचा. दुसरा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत निघालेला. त्यात शब्दापुढे कंसात 'व.' असेल तर वऱ्हाडी, 'ना.' असेल तर नागपुरी, 'को.' असेल तर कोकणातला. आपल्या घरातला शब्द तिथे 'ना.' लावून छापलेला दिसतो तेव्हा किती बरं वाटतं, ते तू स्वतः बघ. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. नुसत्या गूगल भाषांतरावर 'आलवण' सोपवू नकोस.

लक्षात राहतात का, हा तुझा शेवटचा प्रश्न. स्वानबोर्न आणि डी ग्लॉपर या संशोधकांनी १९९९ मध्ये, वाचताना नवे शब्द किती शिकले जातात यावरच्या वीस प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. शाळकरी मुलं सहज वाचताना भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी साधारण पंधरा शिकतात, असं त्यांना आढळलं. आकडा लहान वाटेल, पण कादंबरी लांब असते आणि शब्द परत येतात. इंग्रजीबाबत हू आणि नेशन यांनी २००० साली असं दाखवलं की मदतीशिवाय गोष्ट नीट कळायला पानावरचे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द माहीत असावे लागतात. तीनशे शब्दांच्या पानावर तुझे आठ-दहा शब्द अडतात, म्हणजे तू त्या रेषेच्या थोडीच खाली आहेस. पाचपन्नास पानांत फरक जाणवेल, कारण घरगुती बोलण्यातले तेच ते शब्द पुन्हा भेटत राहतात. टिंबांवर परत येशील तेव्हा वहीत शब्द आणि अर्थ अशी जोडी लिहू नकोस. शाळेच्या पुस्तकात धड्याखाली असते ती 'शब्दार्थ'ची यादी मला कधीच आवडली नाही, ती पाठ होते आणि परीक्षेनंतर जाते. पुस्तकातलं अख्खं वाक्य उतरव, खाली तुझा अंदाज, त्याखाली कोशाने काय सांगितलं ते.

आणि ही संपली की उद्धव शेळक्यांची 'धग' घे. १९६० ची. त्यातलं बोलणं वऱ्हाडी आहे. तिथे पुण्याच्या वाचकाला टिंबं द्यावी लागतात आणि तू सरळ वाचत जाशील.

प्रश्न : मी निवृत्त आहे, धंतोलीत राहतो. सातवीतल्या नातवाला रोज रात्री जुन्या कादंबऱ्या वाचून दाखवतो. मधे मधे अर्थ सांगितला तर त्याचं लक्ष उडतं, न सांगितला तर कळत नाही. शिवाय माझ्या जुन्या प्रती तो स्वतः वाचायला घेतो तेव्हा 'घरांत', 'नाहीं', 'कां' असले अनुस्वार बघून अडखळतो. काय करावं?

उत्तर : काका, अर्थ सांगायचा, पण थांबायचं नाही. 'तो देवडीवर बसला' असं छापलं असेल तर तुम्ही वाचताना 'तो देवडीवर, दाराजवळच्या चौकीवर, बसला' असं त्याच सुरात म्हणून पुढे जा. त्याला वाटेल पुस्तकातच तसं आहे. दुसऱ्यांदा शब्द आला की जोड गाळा. तिसऱ्यांदा आला की क्षणभर थांबून त्याच्या तोंडाकडे बघा. कळलेलं असलं की मुलाच्या चेहऱ्यावर ते दिसतं. हातांनी करता येण्याजोगं असेल तर करून दाखवा. उपरणं खांद्यावर कसं टाकतात, उखळात कसं कांडतात, हे सांगून कळत नाही, आणि तुमच्याइतकं चांगलं त्याला कुणी दाखवू शकणार नाही. शब्द विचारून त्याची परीक्षा मात्र घेऊ नका. झोपायच्या वेळी गोष्ट ऐकताना परीक्षा नको असते.

अनुस्वारांचं त्याला एकदाच सांगा. पूर्वी असे न उच्चारायचे अनुस्वार लिहीत, १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेल्या लेखनाच्या नियमांनी ते गेले. टिंब डोळ्याआड करून मोठ्याने वाचायला लावा. 'घरांत' कानाला 'घरात'च ऐकू येतं. दोन-तीन प्रकरणांत त्याची नजर बसेल. त्यासाठी नवी प्रत आणू नका, आजोबांच्या प्रतीतून वाचण्याचं मोल वेगळं आहे.

प्रश्न : आमचं घर हिंदी बोलणारं, इतवारीत दुकान आहे. गिऱ्हाइकांशी मराठी बोलतो, वर्तमानपत्रही वाचतो. आता एक तरी जुनी गाजलेली मराठी कादंबरी वाचायची आहे. कोणती घेऊ? आणि हिंदीसारखा दिसणारा शब्द आला तर तोच अर्थ धरू का?

उत्तर : एकोणिसाव्या शतकापासून सुरुवात करू नका. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या, १९५५ ची. वाक्यं छोटी आहेत. आणि सांगणारा तरुण मास्तर स्वतःच धनगरांच्या त्या वाडीवर नवा आहे, त्यामुळे तो प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा बघावी तशी बघतो आणि तशीच दाखवतो. मेंढरांचे, रानाचे शब्द येतील, पण शब्दाबरोबर ती वस्तू समोर येते. नव्या वाचकाला याहून चांगला सोबती मला सुचत नाही.

हिंदीचा आधार मोठा आहे. नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, दोन्ही भाषा या गावात शेजारी वाढल्या. तुमचे निम्म्याहून अधिक अंदाज बरोबर येतील. पण ओळखीचा चेहरा बघून खात्री धरू नका, वाक्य काय म्हणतं ते आधी ऐका. 'मास्तरांनी त्याला शिक्षा केली' म्हणजे शिकवलं नाही, दंड दिला. 'चेष्टा करू नको' यात प्रयत्नाला मनाई नाही, थट्टेला आहे. 'राग आला' म्हणजे संताप आला. 'तिचा संसार' म्हणजे तिचं जग असं कुणी म्हणालं तर ते चूक नाही, पण मराठी संसारात नवरा-बायको, मुलं, भांडीकुंडी, उसनवारी, दुखणीबाणी सगळं येतं. तो शब्द मराठी कादंबऱ्यांत इतक्या वेळा भेटेल की त्याचा अर्थ तुम्हाला माझ्याकडून घ्यावा लागणार नाही.

पहिली वीसेक पानं दुकान बंद केल्यावर मोठ्याने वाचा. तुम्ही मराठी कानाने शिकला आहात, डोळ्यांनी अडलेले पुष्कळ शब्द कानाला ओळखीचे निघतील. जे तरीही अडतील ते दुसऱ्या दिवशी एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाला विचारा. इतवारीत मराठी गिऱ्हाइकांचा तोटा नाही, आणि शब्दाचा अर्थ विचारला की माणसं आनंदाने थांबून सांगतात. 'बनगरवाडी' संपली की कुठले शब्द अडले ते मला लिहून पाठवा, त्यावरून पुढचं पुस्तक सुचवते.